डोंगर राखला तो उन्हाळा

फाल्गुन सरत आला की आमच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर रंग बदलतो. दिवाळीला पिवळट, संक्रांतीला सोनेरी आणि होळीनंतर असा पांढुरका की नुसतं बघून घशाला कोरड पडावी. पुनावळ्याच्या या बाजूला उन्हाळा आला हे बाकीच्यांना पाण्याच्या टँकरवरून कळतं, मला गवतावरून कळतं. त्या दिवसांत दुपारी लवंडले तरी माझा एक डोळा डोंगराकडे असतो. सून म्हणते, "आई, पडदा ओढू का? ऊन येतंय." मी नको म्हणते. पडदा ओढल्यावर धूर कुठून निघाला ते दिसायचं कसं, हे तिला सांगत बसत नाही.

धुराची ही धास्ती एका उन्हाळ्याची आहे. पिंपरीच्या माळावर तेव्हा पहिले कारखाने उभे राहत होते. मी थेरगावची, मराठी सातवी पास, लग्न होऊन इथे आलेली. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, नवरा आणि धाकटे दीर नामदेवभाऊजी. मामंजी मी यायच्या आधीच गेले होते. नवरा दापोडीला वर्कशॉपात कामाला. झुंजूमुंजू झालं की सायकल काढायचे, ते दिवस मावळता परत. दोन बैल, एक गाय आणि डोंगराच्या पायथ्याशी थोडं कोरडवाहू रान. गावात बहुतेकांचं असंच होतं.

डोंगर सरकारचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशासाठी त्याच्यावरची झाडं भराभर तुटली, असं आत्याबाई सांगत. उरलं ते जंगल खात्याने बंद केलं आणि गवताचा दरवर्षी लिलाव होऊ लागला. ठेकेदार यायचा, गाड्या भरभरून गवत पुण्याच्या गोठ्यांना न्यायचा आणि आमचे बैल दावणीला उभे राहून त्या गाड्यांकडे बघायचे. गावातलं जनावर वर गेलं की गार्ड ते कोंडवाड्यात घालायचा. मग लोक चोरून जायचे. चोरून आणायचं असलं की माणूस जपून आणत नाही. फांदी हवी असेल तर खोडच पाडून मोकळा होतो, कारण उद्या पुन्हा यायला मिळेल याचा भरवसा नसतो. गार्डचा राग लोकांनी झाडांवर काढला म्हटलं तरी चालेल.

अशात कार्तिकात एक नवे रेंजरसाहेब आले. सायकलवर आले, मारुतीच्या पारावर बसले आणि गावाला बोलावलं. पार आमच्या दारासमोरच होता. बायका पारावर बसत नसत. आम्ही आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होतो.

"या पट्ट्याला माझ्याकडे एकच गार्ड आहे," ते म्हणाले. "त्याच्याच्याने हा डोंगर राखला जाणार नाही आणि तुमच्याशी भांडूनही राखला जाणार नाही. तुम्ही सांभाळा. वर जनावर घालायचं नाही, कोयता-कुऱ्हाड न्यायची नाही. वणवा लागला तर आमच्याबरोबर विझवायला यायचं. पुढच्या कार्तिकात गवत लिलावाला जाणार नाही. तुम्ही विळ्याने कापा, घरटी वाटून घ्या."

"आनि जमलं न्हाई तर?" तात्या पाटलांनी विचारलं. गावात त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

"तर परत ठेकेदार," साहेब म्हणाले. "मग मलाही काही करता येणार नाही."

गावाने होकार दिला. नियम गावानेच घातला: जो मोडेल त्याचं हत्यार जमा आणि त्या घराचा गवताचा वाटा बंद. राखणीला माणूस हवा होता. नामदेवभाऊजींचं नाव निघालं, कारण त्यांचं लग्न व्हायचं होतं, दिवसभर वर राहायला ते मोकळे होते आणि त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती. आत्याबाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. त्यांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले.

कार्तिकात होकार देणं सोपं असतं. गंजी भरलेल्या असतात, विहिरीला पाणी असतं. माघ लागला तशी गंजी खाली बसू लागली आणि माणसांची तोंडं उतरू लागली. गावाने आणि खात्याच्या माणसांनी मिळून डोंगराच्या मध्यावर जाळरेषा काढली. जाळरेषा म्हणजे गवत खरवडून केलेला मोकळा पट्टा. वरून आग आली तर खायला काही न मिळून तिथे थांबावी म्हणून. ती काढताना सगळे हसत होते. आठवड्याभरात भाऊजींनी आमच्या शेजारच्या किसनला म्हैस वर चारताना धरलं. किसन त्यांच्याहून मोठा, लहानपणी त्याने भाऊजींना खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली. त्याचा वाटा बंद झाला. त्या दिवसापासून किसनची बायको पारू आमच्याबरोबर पाण्याला येईनाशी झाली.

आताही रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतली मुलंमाणसं एकसारखे टी-शर्ट घालून डोंगरावर झाडं लावायला जातात. चांगलं करतात. वनखात्याची पाटी आहे, तारेचं कुंपण आहे. परवा नातवाने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी लोक इतकं करायचे का?" मी त्याला म्हटलं, झाड लावायला एक सकाळ पुरते रे. राखायला आपल्याच माणसाशी वाकडं घ्यावं लागतं. तो हसला आणि बूट घालून गेला. त्याला ते खरं वाटायचं कारण नव्हतं. त्याच्या चुलीत काय जळतं हे त्याला बघावं लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात, चैत्रात, मला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझी आई नव्हती, म्हणून आत्याबाईंनीच केलं. मूल अशक्त होतं. छातीत घरघर. सुईण म्हणाली, याला ऊब तुटता कामा नये. बाजेखाली शेगडी, दोन वेळचं कढत पाणी, ओव्याची धुरी. आणि नेमका त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. रचून ठेवलेल्या गोवऱ्या भिजून त्यांचा चिखल झाला. तुराट्या होत्या, पण तुराटी कागदासारखी भुरकन जळते, तिचा निखारा होत नाही. शेगडीवर हात धरून आत्याबाई बसायच्या आणि हात गार पडले की उठून आत-बाहेर करायच्या. मी त्या अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या बाळाचा श्वास ऐकत असे. एक श्वास ऐकला की दुसऱ्याची वाट बघायची. त्या आठवड्यात मी दुसरं काही केलेलं आठवत नाही.

एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "आलेच मी. बाळाला पदराखाली घे." मला वाटलं शेजारी गेल्या.

नंतर जे झालं ते मी आधी कानांनी ऐकलं. गल्लीत सकाळचे आवाज असतात: रहाट, भांडी, कुणाची तरी हाक. ते एकेक करत थांबले. रहाटसुद्धा थांबला. बाळंतिणीने उठायचं नसतं, पण मी बाळाला घेऊन उठले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

आत्याबाई पुढे चालत होत्या. डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर लाकडांची मोळी. उभ्या वाळलेल्या धावड्याची लाकडं होती ती. धावड्याचा निखारा लवकर विझत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. मागे चार हात अंतर ठेवून भाऊजी. त्यांच्या हातात आत्याबाईंचा कोयता. दोघं पारापाशी थांबले. आत्याबाईंनी मोळी खाली टाकली, पदर नीट केला आणि उभ्या राहिल्या.

तात्या पाटील आले. त्यांनी मोळीकडे बघितलं, आमच्या दाराकडे बघितलं. "नामदेवा, घरात बाळंतीण हाय," ते म्हणाले. "लाकूडबी वाळलेलं हाय. जाऊ दे. घरी ने."

दोघे-चौघे लगेच व्हय व्हय म्हणाले. किसन पिंपळाला टेकून उभा होता. हळूहळू सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

भाऊजींचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ते म्हणाले, "किसनदादाला सोडलं न्हाई मी. त्याच्या घरातबी खानारी तोंडं हायती." आणि त्यांनी कोयता पारावर ठेवला.

"मंग तुमच्या घराचा वाटा गेला," तात्या हळूच म्हणाले.

"गेला," आत्याबाई म्हणाल्या. "मी केलं ते केलं, वाटा सोडला. पन तात्या, एक इचारते. ह्या पारावर तुमी कायदा केला तवा वैरनीचं ठरलं, जनावराचं ठरलं. चूल कशावर पेटवायची ते आमाला कुनी इचारलं व्हतं का? घराघरात चूल हाय. ती काय डोंगराकडं बघून पेटती?"

तात्या मोळीकडे बघू लागले. उंबऱ्याउंबऱ्यातून बायका तात्यांकडे बघत होत्या. आत्याबाई रिकाम्या हाताने घरात आल्या, मला उठलेली बघून रागावल्या, आणि चुलीपाशी पाठ करून बसल्या.

संध्याकाळी नवरा घरी आला आणि भावावर तडकला. "आईला गावापुढं उभं केलंस? कुठं तोंड दाखवायचं?" भाऊजी खाली मान घालून बसले होते. आत्याबाईंनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, कोरड्यास वाढलं. शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. मला वाटलं धरल्याचा राग आहे. एकदा बाळाला तेल लावताना त्या आपणहून म्हणाल्या, "धरलं ते बरुबर केलं त्यानं. पन खाली येतूर मोळी माझ्याच डोक्यावर व्हती. मोकळ्या हातानं मागं चालत व्हता. वाइच घेतली असती तर?"

मी ते भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी मोळी घेतली असती तर लोक म्हनले असते, पोरानं आईची मोळी घरी पोचवली." दोघांचंही मला पटलं आणि दोघांपैकी कुणालाच काही सांगता येईना. अशा घरात दिवस काढणं फार अवघड असतं. भांड्याचा आवाज झाला तरी दचकायला होतं.

मोळी आठवडाभर पारापाशी तशीच पडून होती. तिला कुणी हात लावला नाही.

पण शेगडी विझली नाही. मोळी धरली त्याच दुपारी दारात कुणीतरी पाटीभर सुक्या गोवऱ्या ठेवून गेलं. संध्याकाळी आणखी एक पाटी. दुसऱ्या दिवशी पारू आली. तीच, पाण्याला येईनाशी झालेली. तिने पाटी ठेवली, आत डोकावली आणि विचारलं, "बाळाची छाती कशी हाय आता?" मी म्हटलं, जरा बरी. ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्या गोवऱ्यांच्या धगीवर माझं मूल तगलं. आता तो कंपनीतून रिटायर झालाय, गुडघ्यांची तक्रार करत असतो.

आठवड्याने रेंजरसाहेब आले तेव्हा तात्यांनी त्यांना सगळं सांगितलं. या वेळी बायका उंबऱ्यात थांबल्या नाहीत, पाराजवळ येऊन उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी तोच प्रश्न साहेबांना विचारला. साहेबांनी मोळीकडे बघितलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही. पडलेलं, वाळलेलं लाकूड हाताने वेचायला आठवड्यातून एक दिवस, कोयत्याशिवाय. मी वरून परवानगी मागतो. तोवर थांबा."

"किती थांबायचं?"

"ते मला सांगता येणार नाही."

खोटं आश्वासन दिलं नाही म्हणूनच बायका थांबल्या असाव्यात. ते थांबणं मला आठवतं. ऊन वाढत होतं, वैरण संपत होती, बैलांच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. डोंगरावर कमरेएवढं वाळलेलं गवत वाऱ्याने सळसळायचं आणि खाली ऐकू यायचं. पुरुष पारावर बसून म्हणायचे, सरकार आपल्याला झुलवतंय. एखादी ठिणगी पडली असती तर ती कुणाची हे शोधायला कुणी गेलं नसतं. सगळ्यांनी एकमेकांकडेच बघितलं असतं.

वैशाखात परवानगी आली. मंगळवारचा दिवस ठरला. बायका सकाळी वर जात, करवंदाच्या जाळ्यांखालून, घळींतून काटक्या वेचत आणि दुपारी उतरत. आत्याबाईही जात. घळीच्या वर उभे असलेले भाऊजी त्यांना दिसत. त्या वर बघत नसत.

अशाच एका मंगळवारी दुपारी मी अंगणात बाळाला घेऊन उभी होते आणि माथ्यावर धूर दिसला. आधी चुलीच्या धुराएवढा. मग माथ्याच्या आडवी एक राखाडी रेघ. पलीकडच्या उतारावरून आग चढून आली होती. कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वारा पश्चिमेचा होता, आमच्याकडे येणारा. आणि गावातल्या निम्म्या बायका वर होत्या.

पुरुष धावले. कुणी गोणपाट विहिरीत बुडवून घेतले, कुणी लिंबाचे डहाळे मोडून घेतले. मी बाळाला छातीशी धरून बघत राहिले. माणसं दिसत नव्हती. धूर खाली उतरत होता आणि मधेच लाल जीभ दिसून जात होती. गवत जळताना तडतड आवाज होतो तो खालपर्यंत येत होता. नवऱ्याची सायकल गावात शिरली. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा होती, त्यांना वाटेवरून धूर दिसला होता. त्यांनी सायकल माझ्या पायाशी टाकली, "आई?" एवढंच विचारलं आणि वरच्या वाटेला लागले.

वर काय झालं ते मला नंतर पारूने सांगितलं. भाऊजी माथ्यावरून धावत घळीपर्यंत आले आणि ओरडले, "सगळ्या खाली उतरा." बायका उतरू लागल्या. आत्याबाई थांबल्या. घळीच्या वर जाळरेषा होती. तिथे उभं राहून झोडपली तर आग अडेल, हे त्यांना दिसलं. त्या लेकाशी बोलल्या नाहीत. पारूला म्हणाल्या, "डहाळी मोड," आणि वर चालू लागल्या. पारू गेली, मग बाकीच्याही परत फिरल्या. जाळरेषेवर बायकांची रांग लागली. ठिणगी पट्टा ओलांडून पडली की झोडपायची, विझवायची, पुढे सरकायचं. खालून पुरुष पोचले. पलीकडून रेंजरसाहेब आणि त्यांचे गार्ड आले. ज्याने वर्षानुवर्षं आमची जनावरं कोंडली होती तो गार्ड किसनच्या शेजारी उभा राहून एकाच ओल्या गोणपाटाची दोन टोकं धरून आग दाबत होता.

सूर्य कलता आग पडली. माथा आणि वरचा उतार काळा झाला. जाळरेषेच्या खालचा डोंगर वाचला.

माणसं उतरू लागली तशी मी एकेक चेहरा मोजत राहिले. भाऊजी किसनच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आले. नडगी भाजली होती. सगळ्यांच्या शेवटी आत्याबाई. भुवया जळलेल्या, तोंड काजळलेलं. त्यांनी बाळाकडे बघितलं, कोरफड आणली, तिचा गर काढला आणि लेकाचा पाय मांडीवर घेऊन लावला. तेव्हाही बोलल्या नाहीत. पण बराच वेळ लावत राहिल्या.

आजही सरकार आणि लोक यांनी मिळून जंगल राखावं असं पेपरात येतं, तेव्हा मी ते नीट वाचते. चांगलंच असतं. मात्र 'लोक' म्हटलं की मला कोण दिसतं ते तिथे नसतं. पारावरचे दिसतात, उंबऱ्यातले दिसत नाहीत. ज्याचा वाटा गेला तो दिसत नाही आणि ज्याने घालवला तोही.

पाऊस पडला आणि जळलेल्या भागावर आधी गवत आलं, मग खैराला आणि धावड्याला बुडातून धुमारे फुटले. कार्तिकात लिलाव झाला नाही. अख्खं गाव विळे घेऊन वर गेलं. वाटणीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, वणव्यात किसनने आणि आत्याबाईंनी एवढं केलं, दोघांचा वाटा परत द्या. किसन आशेने बघत होता. आत्याबाई म्हणाल्या, "औंदा न्हाई. दोघांना दिला तर पुढच्या साली कुनालाबी द्यावा लागंल. पुढच्या साली घेऊ." किसनला ते आवडलं नाही. त्याने गवताला पाठ केली आणि घरी गेला. आमचे बैल त्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांकडे थेरगावला राहिले.

मग राखणीचा विषय निघाला. भाऊजींचा पाय अजून दुखत होता. काही जणांना ते नको होते, फार ताठ आहे म्हणाले. जरा माणसं बघून वागणारा कुणीतरी नेमा. रेंजरसाहेब ऐकत होते, ठरवणं गावाचं होतं. भाऊजी पाराच्या कडेला, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय तसे बसले होते.

"त्यालाच ठेवा," आत्याबाई म्हणाल्या.

त्या बायकांतून पुढे आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. "त्याचा ताठपना मला ठावं हाय. तुमच्यापरीस मला जास्त ठावं हाय. तरीबी सांगते, त्यालाच ठेवा."

तात्यांनी मान हलवली. रेंजरसाहेबांनी सायकल घेतली. माणसं उठली, धोतरं झटकली, पांगली.

आम्ही घरी आलो. दिवेलागण व्हायची होती. आत्याबाईंनी भाकरी थापायला घेतली. भाऊजी नेहमीसारखे बाहेर ओट्यावर बसले. चैत्रापासून ते आपलं ताट घेऊन तिथेच जेवत. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी आत्याबाईंनी मान न वळवता हाक मारली, "नामा, पाय धुऊन आत ये. भाकरी गार व्हतीया."

मग भाऊजी आत आले, डोंगराची माती लागलेल्या पायांनी तसेच, आणि चुलीसमोर पाटावर बसले. आत्याबाई एरवी असं कुणाचंही चालवून घेत नसत. त्यांनी त्या पायांकडे बघितलं आणि ताटात भाकरी वाढली.